दहा वर्षांनी आपली जेटी कशी असेल?



गेल्या ३१ जुलैची संध्याकाळ आठवा. ६१ दिवसांची बंदी संपायला काही तास उरले होते. बोटी रंगवून झाल्या होत्या, जाळी चढली होती, बर्फ सांगून ठेवला होता. आणि अर्ध्याअधिक बोटींवर माणसेच नव्हती. मालक फोन कानाला लावून जेटीवर फेऱ्या मारत होते. कोणाचे खलाशी गाडीत होते, कोणाचे अजून गावात भाताच्या लावणीत, कोणाचा फोनच बंद. आपल्याकडचे एक ज्येष्ठ सभासद, ज्यांना आपण सगळेच तात्या म्हणतो, जाळ्याच्या ढिगावर बसून हे सगळे बघत होते. ते म्हणाले, "आदी माणसा होती, बोटी नव्हत्यो. आता बोटी आसत, माणसा नायत."

तेव्हा सगळे हसले. मला मात्र रात्री झोप लागेना. डोक्यात एकच, अजून दहा वर्षांनी या जेटीवर काय असेल? बोटी असतील का? असल्या तर त्यावर कोण असेल? आपली मुले असतील का? आणि संस्थेच्या कार्यालयात माझ्या जागी जो कोणी बसेल, तो काय काम करत असेल?

येत्या सर्वसाधारण सभेत आपल्याला काही ठराव घ्यायचे आहेत. सभेत आवाज वाढतो आणि मुद्दा बाजूला राहतो, हे आपण दरवर्षी बघतो. म्हणून मला जे दिसते ते आधीच लिहून काढतो. लांबलचक झाले आहे, पण जाळे शिवता शिवता वाचा, नाहीतर घरच्या पोरांकडून वाचून घ्या.

बदल आपल्याला नवा नाही

आधी एक गोष्ट लक्षात घेऊ. आपला धंदा पूर्वी कधी बदलला नाही आणि आताच बदलतोय, असे नाही. माझे आजोबा रापणीवर जायचे. सुताचे जाळे, ते सुकवायचे, त्याला रंग द्यायचा, किनाऱ्यावर पन्नास-साठ माणसांनी दोर ओढायचा आणि वाटे घालायचे. गोवा मुक्त झाल्यावर साठच्या दशकात ट्रॉलर आले, नायलॉन आले. सत्तरच्या दशकात रापणकार रस्त्यावर उतरले, माथानी साल्ढाणांसारखे पुढारी त्यांच्यामागे उभे राहिले, आणि १९८० मध्ये सागरी मासेमारी नियमनाचा कायदा झाला. किनाऱ्यापासून पाच किलोमीटरचा पट्टा लहान होडीवाल्यांसाठी राखला गेला तो त्यातूनच. मग आउटबोर्ड इंजिन आले, जीपीएस आले, मासे दाखवणारे यंत्र आले, मोबाईल आला.

प्रत्येक वेळी कोणाचे तरी भले झाले आणि कोणाची तरी जागा गेली. ज्यांना बदल आधी कळला ते तगले. ज्यांना मागाहून कळला त्यांच्या होड्या माडाच्या बुंध्याला बांधलेल्या राहिल्या. आपल्या संस्थेत दोन्ही प्रकारची घराणी आहेत. त्यामुळे 'बघू पुढचे पुढे' हे आपल्याला परवडणारे नाही.

बोटीवरची छोटी पेटी

सगळ्यात आधी डोळ्यांना दिसणारा बदल म्हणजे ट्रान्सपॉन्डर. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते या योजनेची सुरुवात झाली. देशभरातल्या एक लाख बोटींवर हे यंत्र बसवायचे आहे, त्यासाठी ३६४ कोटी रुपयांची तरतूद आहे, आणि बोटमालकाला ते फुकट मिळते. यंत्र इस्रोने तयार केले आहे. मोबाईलची रेंज जिथे संपते तिथून पुढे ते उपग्रहावरून चालते. बोटीवरून किनाऱ्याला आणि किनाऱ्यावरून बोटीला छोटे संदेश जातात. संकटात बटण दाबले की आपली जागा कळते. हद्दीजवळ गेलो की इशारा येतो. मोबाईलमधल्या नभमित्र ॲपवर हे संदेश वाचता येतात.

याबद्दल आपल्या लोकांच्या मनात दोन शंका आहेत. पहिली, 'आमची मासळीची जागा सगळ्यांना कळेल.' दुसरी, 'पाच किलोमीटरच्या आत गेलो तर लगेच दंड बसेल.' दोन्ही शंका मी हसण्यावारी नेत नाही. एखाद्या तांडेलाने वीस वर्षे खपून ज्या खुणा शोधल्या, त्या त्याच्या तिजोरीसारख्या आहेत. ही माहिती कोणाकडे राहते, किती दिवस राहते, दुसऱ्या कोणाला दिली जाते का, हे संस्थेने मत्स्योद्योग खात्याला लेखी विचारले पाहिजे. ते पत्र मी लिहीन.

पण दुसऱ्या शंकेबद्दल स्पष्टच बोलतो. आपल्यातले लहान होडीवाले वर्षानुवर्षे ओरडून सांगतात की ट्रॉलर आत येतात, त्यांची जाळी तोडून नेतात. आजवर पुरावा नसायचा. आता पुरावा राहील. ज्याला आत यायचे नाही त्याला घाबरायचे कारण नाही. आणि रात्री इंजिन बंद पडून वारा बाहेर ओढून नेत असताना ही पेटीच कामाला येईल, वादावादी नाही. तोवर तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर प्रत्येक बोटीच्या केबिनमध्ये रंगाने लिहून ठेवा. कागदावर नको, कागद भिजतो.

समुद्राइतकेच कागद सांभाळावे लागतील

आमच्या वडिलांच्या काळात बोटीचा कागद म्हणजे एक घडी घातलेली नोंदणी, प्लास्टिकच्या पिशवीत, देवाच्या फोटोमागे. आता नोंदणी आणि परवाना रिअलक्राफ्ट या पोर्टलवर. मच्छीमार म्हणून तुमची ओळख राष्ट्रीय मत्स्य डिजिटल प्लॅटफॉर्मवर, जो सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला. यापुढे कर्ज, विमा, अनुदान यांची वाट बरीचशी याच नोंदीतून जाणार.

त्यात भर म्हणजे ४ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्राने विशेष आर्थिक क्षेत्रातल्या मासेमारीचे नवे नियम काढले. साध्या शब्दांत सांगतो. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत राज्याची हद्द. तिथून २०० सागरी मैलांपर्यंत केंद्राची. त्या बाहेरच्या पाण्यात जायचे असेल तर यांत्रिक बोटींना आणि मोठ्या मोटर-बोटींना प्रवेश पास घ्यावा लागेल. पास ऑनलाइन आहे आणि त्याला पैसे नाहीत. पारंपरिक, लहान होडीवाल्यांना तो लागत नाही. एलईडी दिव्यांवरची, जोडीने ट्रॉलिंग करण्याची आणि बुल ट्रॉलिंगची पद्धत तिथेही बंदच आहे. केंद्राने तिच्यावर १० नोव्हेंबर २०१७ लाच बंदी घातली होती.

आपल्यासाठी महत्त्वाची ओळ वेगळीच आहे. या नियमांत खोल समुद्रासाठी मच्छीमार सहकारी संस्थांना आणि मच्छीमार उत्पादक संघटनांना प्राधान्य द्यायचे म्हटले आहे. म्हणजे एकट्या मालकाला जे जमणार नाही ते संस्थेला जमू शकेल. पण त्यासाठी संस्थेचे हिशेब, ऑडिट, सभासदांची यादी, बोटींच्या नोंदी चोख हव्यात. आज आपल्या दप्तरात काही बोटी अशा आहेत की मालक वारून सात-आठ वर्षे झाली आणि नोंद अजून त्याच्याच नावावर. मुलांनी वाटणी केली नाही म्हणून वारसा लागला नाही. उद्या त्या बोटीला पास मिळणार नाही, अनुदान मिळणार नाही, आणि दोष सगळा संस्थेवर येईल. ही कामे या बंदीच्या काळातच उरका.

माझ्या हातून झालेली चूक

कागदांवरून आठवले म्हणून सांगतो. सांगायला जड जाते, पण सांगितले पाहिजे.

दोन हंगामांपूर्वी आपल्या एका बोटीवर झारखंडचा एक मुलगा होता. वय असेल बावीस-तेवीस. सप्टेंबरात उशिरा आला, कारण त्याच्या ओळखीचा खलाशी आजारी पडून घरी गेला होता आणि त्याच्या जागी हा आला. विंचवर दोर गुंडाळताना हात अडकला. उजव्या हाताची तीन बोटे गेली.

मच्छीमारांसाठी गट अपघात विमा आहे. अपघाती मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर ५ लाख, कायमचे अंशतः अपंगत्व आले तर अडीच लाख, इस्पितळाच्या खर्चाला २५ हजारांपर्यंत. हप्ता केंद्र आणि राज्य सरकार भरते, मच्छीमाराला एक पैसा द्यावा लागत नाही. फक्त नाव यादीत असावे लागते. त्या मुलाचे नाव यादीत नव्हते. मालकाने मला कळवले नव्हते, हे खरे. पण मीही ऑगस्टमध्ये एकदा यादी पाठवली आणि नंतर कोण आले कोण गेले ते विचारले नाही, हेही तितकेच खरे. मी मागाहून दोन कार्यालयांचे उंबरठे झिजवले. तारखेच्या पुढे काही सरकत नाही, एवढेच कळले.

मालकाने इस्पितळाचा खर्च केला, गावी जायचे तिकीट काढून दिले, वर थोडे पैसे दिले. आपल्यापैकी काहींनी हातभार लावला. जाताना त्या मुलाने डाव्या हाताने नमस्कार केला आणि मला विचारले, "भैया, अगले सीजन में कुछ हल्का काम मिलेगा?" मला उत्तर देता आले नाही. अडीच लाख रुपये त्याच्या गावात काय असतात याचा हिशेब मी आजही करतो. एक नाव, एक आधार नंबर, पाच मिनिटांचे काम होते ते.

म्हणून पुढच्या काळात 'कागद' हा शब्द मी हलक्यात घेत नाही. तुम्हीही घेऊ नका.

समुद्रच बदलतोय

यंत्र आले, नियम आले, ते माणसांनी आणले. पण समुद्र स्वतःही बदलतोय, आणि त्याला अर्ज करता येत नाही.

तारल्यांचेच बघा. केरळात २०१२ मध्ये सुमारे चार लाख टन तारली मिळाली होती. २०२१ मध्ये ती साडेतीन हजार टनांच्याही खाली गेली, असे केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेची आकडेवारी सांगते. पुढे तारली काही प्रमाणात परतलीही. पण ज्याने त्या मासळीवर कर्ज काढले होते त्याने मधली वर्षे कशी काढली असतील याचा विचार करा. आपलाही पोटापाण्याचा आधार बांगडा आणि तारलीच आहे. ही मासळी पाण्याच्या उबेवर, पावसावर, खालून वर येणाऱ्या थंड पाण्यावर हलते. अरबी समुद्र तापत चालला आहे, त्यामुळे ती कधी खोल जाते, कधी उत्तरेला सरकते. 'गणपतीनंतर अमुक जागी अमुक मासळी' हे जुने गणित चुकते असे आपले तांडेलच सांगतात.

वादळांचेही तेच. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात क्यार आणि महा एकामागून एक आली, ऐन हंगामात बोटी बांधून ठेवाव्या लागल्या. मे २०२१ मध्ये तौक्ते आपल्या दारावरून गेले. बंदीचे ६१ दिवस आपण धरून चालतो. यापुढे त्यावर इशाऱ्यांचे दिवसही धरावे लागतील. म्हणजे कमाईचे दिवस कमी आणि कर्जाचे हप्ते तेवढेच. नवीन बोट बांधताना किंवा इंजिन बदलताना वर्षाचे कामाचे दिवस मोजून मग कर्ज किती घ्यायचे ते ठरवा. बँकवाला ते मोजणार नाही.

यात मदतीचे एक साधन आहे आणि आपण ते पुरते वापरत नाही. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उपग्रहावरून पाण्याचे तापमान आणि पाण्यातली हिरवळ बघून मासळी कुठे असण्याचा संभव आहे ते कळवते. आकाश ढगाळ असले की उपग्रहाला दिसत नाही, आणि जागा सांगितली म्हणजे मासळी तिथे वाट बघत बसली आहे असेही नाही. पण डिझेलचा हिशेब करा. समजा एका फेरीत शोधाशोधीचे ३० लिटर वाचले आणि महिन्यात १५ फेऱ्या झाल्या, तर ४५० लिटर वाचतात. आजच्या भावाने गुणून बघा. तांडेलाचा अनुभव आणि हा अंदाज, दोन्ही मिळून चालायला हवे. तात्यांसारखी माणसे पाण्याचा रंग बघून सांगतात ते कोणत्याही उपग्रहाला सांगता येणार नाही. मात्र तात्या आता बोटीवर नसतात, आणि त्यांचे ज्ञान कोणी लिहूनही घेतलेले नाही.

आणखी एक कडू गोष्ट. बारीक आसाचे जाळे. पिल्ले काढून सुकवायला किंवा खताला टाकायची आणि दोन वर्षांनी 'मासळी गेली' म्हणून कपाळाला हात लावायचा, हे आपणच करतो. केरळने किमान आकाराचा नियम आणला, महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी आकार ठरवून दिला. आपल्याकडेही हा काच येणारच. जाळे पुढच्या वेळी घ्यायचेच आहे तर शेवटच्या पिशवीला चौकोनी आसाचे ४० मिलिमीटरचे जाळे लावा, असे मत्स्य तंत्रज्ञान संस्थावाले केव्हापासून सांगत आहेत. त्यातून पिल्ले निसटतात. कासवांचेही तसेच. आपल्या मोरजीच्या वाळूत कासवे अंडी घालतात आणि ती बघायला लोक येतात. तिकडे ट्रॉल जाळ्यात कासवाला सुटायची वाट नाही म्हणून अमेरिकेने आपल्या समुद्रातली कोळंबी घेणे थांबवले आहे. जाळ्याला ते सुटकेचे यंत्र लावले की थोडी मासळी जाते हे मान्य. पण बाजारच गेला तर सगळीच जाते.

बोटीवर कोण असेल?

आता तात्यांच्या वाक्याकडे येतो.

आपल्या जेटीवरचे खलाशी बहुतेक झारखंड, ओडिशा, छत्तीसगड, कर्नाटक इथले. २०२० च्या टाळेबंदीनंतर ते गावी गेले आणि बोटी कशा उभ्या राहिल्या ते आपण भोगले. आपली मुले बोटीवर येत नाहीत, याचा आपण दोष त्यांना देतो. माझा थोरला आयटीआय करतोय, त्यालाही मी बोललो होतो. तो म्हणाला, "बाबा, दोन दिवस बोटीवर राहायला माझी ना नाही. पण आल्यावर अंघोळीला जागा तरी आहे का जेटीवर?" त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. सचिव मी, जेटीवरचा नळ सकाळी दोन तास.

२०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात दक्षिणेत कुटबणच्या जेटीवर कॉलरा पसरला. खलाशी दगावले. बोटींवर दाटीवाटीने राहणारी माणसे, पिण्याच्या पाण्याचे हाल, शौचालये अपुरी, हे सगळे तेव्हा पेपरात आले. आपण वाचले आणि 'आपल्याकडे तसे नाही' म्हणालो. खरोखर नाही? जेटीच्या मागच्या बाजूला एकदा पहाटे जाऊन बघा.

काही बोटमालक मला म्हणतात, "सचिव, खलाशांना सोयी दिल्या म्हणून ते टिकतात असे नाही. शेजारच्या जेटीने हजार रुपये जास्त दिले की जातात." हेही खोटे नाही. आगाऊ रक्कम घेऊन पळालेले खलाशी मीही बघितले आहेत. पण चाळीस-पन्नास हजार उचल देऊन माणूस आणायचा, आणि मग त्याला झोपायला इंजिनाशेजारची फळी द्यायची, हा हिशेब कुठेतरी चुकतो. तिकडे बांधकामावर, हॉटेलात, दक्षिणेतल्या कारखान्यांत त्याला काम मिळते आणि रात्री पाय पसरून झोपताही येते. यापुढे खलाशी आपली निवड करणार आहे, आपण त्याची नाही.

जगभरात मासेमारीतल्या कामगारांसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २००७ मध्ये १८८ क्रमांकाचा करार केला. भारताने त्यावर अजून शिक्कामोर्तब केलेले नाही. पण त्यात मागितलेले तरी काय? लेखी करार, पुरेशी विश्रांती, चांगले अन्न-पाणी, वैद्यकीय तपासणी. आपल्या घरातला माणूस परमुलखात जहाजावर गेला तर आपण हेच विचारतो ना? गोव्यातली किती घरे जहाजावरच्या पगारावर उभी आहेत! तिथे जे हक्काने मागतो ते इथे द्यायला नको?

आणि नवे कामही तयार होते आहे. ट्रान्सपॉन्डर, सोनार, वायरलेस, इंजिनातली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बिघडली की आज मेस्त्री बाहेरून येतो, त्याची दोन दिवस वाट बघायची. हे काम आपल्या मुलांचे आहे. समुद्रात जायचे नसेल त्याने जेटीवर उभे राहून बोटी चालत्या ठेवाव्यात, तोही मच्छीमारच.

जेटीची वरची बाजू

वर्कशॉप, बोट, जाळे यांबद्दल बोलताना आपण नेहमी एक अर्धा भाग विसरतो. लिलावापासून पुढचे काम बायका करतात. टोपली घेऊन बस पकडतात, बाजारात उन्हात बसतात, उधारी वसूल करतात. त्यांच्या कामाची जागा कशी बदलणार?

२०१८ च्या जुलैत फॉर्मेलिनचा गोंधळ झाला, तेव्हा सरकारने बाहेरची मासळी काही दिवस बंद केली आणि लोकांनी मासे खाणेच सोडले. आपली मासळी ताजी, सकाळची, तरी फटका आपल्याच बायकांना बसला. कारण ताजी आहे हे सिद्ध करायला हातात काही नव्हते. पुढचा गिऱ्हाईक विचारणार, मासा कुठल्या बोटीचा, कधी काढला, बर्फात होता का. फोनवरून मासे मागवणारी पिढी आली आहे. पिशवीवर ते सगळे छापून देणाऱ्या कंपन्या आल्या आहेत.

त्यांच्याशी आपण बर्फाने लढू शकतो. समजा १०० किलो बांगडा. नीट बर्फात आला तर १२० चा भाव, मऊ पडला तर ८०. एका फेरीत चार हजार रुपये गेले, आणि बर्फ वाचवला किती रुपयांचा? प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के, इतरांना ४० टक्के मदत असते. बर्फाच्या पेटीसह दुचाकी, तीनचाकी त्यात बसतात. आपल्या संस्थेतून असे किती अर्ज गेले? बोटांवर मोजण्याइतके. कारण आपल्या सभासद यादीत बायकांची नावेच बोटांवर मोजण्याइतकी आहेत. हे बदलायला सरकारची परवानगी लागत नाही.

सभेत काय ठरवायचे

संस्थेच्या राखीव निधीतून कार्यालयाच्या वर सभागृह बांधायचा प्रस्ताव गेल्या वर्षी आला होता. चांगला प्रस्ताव आहे, त्याला विरोध करायला मला वाईट वाटते, कारण कार्यालयात मीच बसतो. तरीही माझे मत असे आहे की सभागृह तीन वर्षे थांबू शकते. त्याआधी चार गोष्टी व्हाव्यात. संचालक मंडळापुढे मी त्या मांडल्या आहेत, आता तुमच्यापुढे मांडतो.

पहिली: खलाशांची नोंदवही. बोटीवर पाय ठेवण्याआधी नाव, आधार, गावचा फोन नंबर संस्थेत नोंदवायचा, आणि विम्याच्या यादीत नाव घालण्यासाठी त्याच आठवड्यात पाठवायचे. हंगामात मध्येच आलेल्यालाही हाच नियम. ज्या बोटीची नोंद नाही तिला संस्थेच्या पंपावर डिझेल नाही. कडक वाटेल. पण त्या मुलाची तीन बोटे आठवा.

दुसरी: जेटीवर शौचालय, अंघोळीची जागा आणि चोवीस तास पिण्याचे पाणी. सरकारी योजनेसाठी अर्ज करूच, पण त्याची वाट बघत बसायचे नाही. राखीव निधीतून सुरुवात आणि प्रत्येक बोटीमागे ठरेल ती वर्गणी. स्वच्छतेला पगारी माणूस, नाहीतर बांधून सहा महिन्यांत कुलूप लागेल.

तिसरी: सभासदांच्या घरातल्या दोन मुला-मुलींना बोटीवरील यंत्रांच्या दुरुस्तीचे शिक्षण. फी संस्थेची, अट एकच, शिकून आल्यावर तीन वर्षे आपल्या जेटीवर काम.

चौथी: मासे विकणाऱ्या महिलांना सभासदत्व, आणि लिलावाच्या शेडजवळ त्यांच्यासाठी बर्फाची पेटी व बसायला सावली.

हे करून दहा वर्षांनी सगळे आलबेल होईल असे मी म्हणत नाही. मासळी किती मिळेल ते आपल्या हातात नाही. डिझेलचा भाव आपल्या हातात नाही. पण जेटीवर पाणी असावे, खलाशाचे नाव वहीत असावे, हे पूर्णपणे आपल्या हातात आहे. जे हातात आहे तेही केले नाही, तर पुढच्या पिढीने 'तुम्ही काय करत होता' म्हणून विचारल्यावर समुद्राकडे बोट दाखवता येणार नाही.

हा लेख टाकण्याआधी मी तात्यांना वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले आणि विचारले, "त्या पोराचो फोन आसा काय रे तुझ्याकडे?" आहे. मी त्याला फोन केला. तो गावी किराणा दुकानात बसतो. डाव्या हाताने लिहायला शिकलो म्हणाला. नोंदवहीचा ठराव मंजूर झाला, तर ती वही लिहायला आणि रोज संध्याकाळी बोटींवर फिरून माणसे मोजायला एक माणूस लागेल. खलाशांची भाषा येणारा, त्यांच्यात वावरलेला. मला जे नाव सुचते ते मी सभेत सांगेन. हलके काम आहे.

सभेची तारीख आणि वेळ कार्यालयाच्या फलकावर लावली आहे. बोटमालकांनी तर याच, पण घरातल्या बाईमाणसांना आणि पोरांनाही घेऊन या. ज्यांना ठराव पटत नाहीत त्यांनी आवर्जून यावे आणि समोर बोलावे.

दर्याराजा सगळ्यांना सुखरूप ठेवो.

आपला,
सचिव